एका रुपयात काय यायचं? घरातल्या मोठ्यांकडून बाजारभावाची वही लिहून घेताना

मी बेळगावातल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. दिवसभर नोटा मोजते. घरी मात्र माझ्याकडे जुन्या बाजारभावांची दोनशे पानी एक वही आहे, तिच्यात दहा रुपयांच्या वरचा आकडा क्वचित सापडेल. त्यातलं बरंचसं सांगणारी माझी आई, वय ७८, राहणार निपाणी. बाकीचं आमच्या वडगावचे सासरे आणि शेजारचे हातमागवाले तात्या यांचं. चार वर्षं मी ही वही लिहितेय. पहिल्या वर्षी लिहिलेलं निम्मं चुकीचं निघालं आणि पुन्हा लिहावं लागलं, म्हणून हे सांगतेय. तुमच्या घरी सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, याच रविवारी बसा.

सुरुवात भाव विचारून करू नका. मी तेच केलं होतं. "आई, तुझ्या लहानपणी गूळ काय भाव होता?" तर म्हणाली, "लई स्वस्त व्हता बाई." तिथंच गाडी अडली. पुढच्या खेपेला मी नाणी घेऊन गेले.

जुनी नाणी घरात असतातच. देव्हाऱ्याखालच्या डबीत, शिलाई मशीनच्या खणात, कुठल्या तरी पितळी डब्याच्या तळाशी. ती धुऊन पुसून ताटात मांडा आणि ताट त्यांच्या पुढ्यात ठेवून गप्प बसा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक दिसत नाही. पण तिनं एकेक नाणं अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवलं आणि न बघता सांगत गेली. चौकोनी, कोपरे गुळगुळीत, हे पाच पैसे. सहा कोनांचं हलकं, हे तीन पैसे. काठ फुलासारखा, हे दहा. मग पितळी वीस पैसे हाताला लागले, कमळाचं चित्र असलेले. कमळावरून तिनं दोनदा अंगठा फिरवला. "ह्यात सोनं हाय म्हणायची लोकं. मी चार नाणी डाळीच्या डब्यात पुरून ठेवलीती. तुझ्या बाबांना पण सांगितलं नव्हतं." विड्या वळून वळून तिच्या बोटांची कातडी घट्ट झालीय, पण कुठलं नाणं हे त्या बोटांना अजून कळतं. त्या दिवशी एका तासात अकरा पानं भरली.

भोकाचा तांब्याचा पैसा मिळाला तर तोही ताटात ठेवा. तो १९४३ ते १९४७ या काळातला. खरेदीपेक्षा लहान पोरांच्या करदोट्यात ओवलेला तो जास्त जणांना आठवतो. आईलाही तो बघून आधी मामाची कंबर आठवली आणि दुकान नंतर.

नाणं हातात आलं की विचारायचं, "हे घेऊन तू कुठं गेली असतीस?" कुठं, कुणाबरोबर, आधी काय घेतलं, मग काय उरलं. माझ्या वहीतलं सगळ्यांत भरलेलं पान चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेचं आहे. मी आईला म्हटलं, तुला तुझ्या आप्पांनी जत्रेत रुपया दिला, तो संपेपर्यंत मला तुझ्याबरोबर ने. ती म्हणाली, "रुपाया कोण देतंय? आठ आणे दिल्याले. चौघींत." मग ते आठ आणे तिनं खर्चून दाखवले. आधी देवीच्या ओटीचा नारळ, तो आप्पांनी वेगळा घेतला होता, तो धरायचा नाही. मग चौघींत मिळून चिरमुरे आणि बत्तासे. मग काचेच्या बांगड्या, पण फक्त थोरलीला, कारण तिचं लग्न ठरलं होतं. मग पाळणा, त्यात दोघीच बसल्या आणि दोघी खाली उभ्या राहून बघत होत्या. खाली उभं राहणाऱ्यांत आई. शेवटी एक आणा उरला, तो तिनं परकराच्या नेफ्यात बांधून गावापर्यंत परत आणला. "किती रुपये शेर" या प्रश्नाला यातलं काहीच निघालं नसतं.

आता चुकांकडे येते, कारण खरी मेहनत तिथंच आहे.

पहिली चूक आण्याची. माझी समजूत अशी की 'आणे' म्हटलं म्हणजे नव्या पैशांच्या आधीचं. साफ खोटं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. पण पंचवीस पैशांना चार आणे आणि पंचाहत्तरला बारा आणे म्हणणं कधीच थांबलं नाही. निपाणीच्या बाजारात कानडी बाया भाजीच्या ढिगामागं बसून "नाल्काणे, नाल्काणे" ओरडायच्या, ते तर मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि माझा जन्म १९७१ चा. चार आण्यांचं नाणंच ३० जून २०११ ला बंद झालं. तेव्हा 'चार आणे' ऐकून साल ठरवू नका. दोन पैशांचंही तसंच. जुन्या दोन पैशांचा अर्धा आणा, म्हणजे नव्याचे तीनला थोडे जास्त. नव्या दोन पैशांत जुना अर्धा आणा बसत नाही. "कुठले पैसे? भोकाचे की नंतरचे?" एवढं विचारलं की उत्तर मिळतं. बदलाच्या वेळी दुकानदार एक आण्याला सहा नवे पैसे धरायचे, दोन आण्यांना बारा, तीनला एकोणीस आणि चारला बरोबर पंचवीस. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारखा लागतो.

दुसरी चूक शेराची. आईनं गूळ शेरावर सांगितला आणि मी मुकाट्यानं किलो लिहिला. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम, तिथं फार बिघडत नाही. पण धान्य मापानं द्यायचे, आणि तांदळाचा मापी शेर, ज्वारीचा मापी शेर, दोघांचं वजन वेगळं. शिवाय दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब आई श्वास न घेता म्हणते आणि मला कागदावर मांडावा लागतो. यावर उपाय एकच. घरात जुनं पितळी किंवा लाकडी माप असेल तर शोधा, तांदळानं भरा, वर हातानं सपाट करा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. आमच्या मापट्याचं वजन मी तीनदा केलं, कारण सासरे म्हणत होते हात असा नको, शीग लावून, म्हणजे वर रास करून द्यायचे. शीग लावून आणि सपाट, दोन्ही आकडे लिहिलेत. किलोग्रॅम १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आलं, पण आमच्याकडच्या आठवडी बाजारात मापं पुढं कितीतरी वर्षं चालली. तेव्हा सालावरूनही माप ठरवू नका.

साल कसं ठरवायचं मग? सन विचारला तर म्हातारी माणसं घाबरतात, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. त्यांना घटना विचारा. मी वहीच्या मागच्या पानावर एक शिडी काढलीय. आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९५६. नवे पैसे, त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी. गोवा मोकळं झालं, डिसेंबर १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. निपाणीतलं तंबाखूचं आंदोलन, १९८१. इंदिराबाई गेल्या, ३१ ऑक्टोबर १९८४. मधे मधे घरातल्या पायऱ्या घाला: कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, म्हैस कधी घेतली, वीज कधी आली. "भूकंपाच्या आधी का नंतर?" या प्रश्नाला आई कधी अडत नाही, कारण भूकंपाच्या वर्षी ती लग्न होऊन निपाणीत आली.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भाव लिहिला की त्याच ओळीत मजुरी लिहा. त्यावाचून भाव लंगडा आहे. आमच्या घरात मजुरी म्हणजे विडी. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, पैसे हजारावर. मी लहान असताना, तिसरीत असेन, म्हणजे १९७९ च्या आसपास, शाळेच्या दारात गारेगारवाला यायचा. काडीला लावलेला लाल बर्फ, दहा पैशांना. मला ते दहा पैसे फार आठवतात, जिभेचा रंग, कोपरापर्यंत ओघळलेला पाक. वही लिहिताना आईला विचारलं, त्या वर्षी हजाराला काय मिळायचं? म्हणाली, साडेचार रुपये. मी हिशेब मांडला. एका विडीला अर्ध्या पैशालाही कमी. दहा पैशांना बावीस विड्या. म्हणजे माझं एक गारेगार हा आईचा जवळजवळ एक अख्खा कट्टा. पानं भिजत घालायची, पत्तीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं, आणि हे बावीस वेळा. शिवाय कारखान्यात तपासणारा छाट काढायचा, त्या विड्यांचे पैसे नाहीत. "हजार भरायला साडेदहाशे वळाय लागायच्या," ती म्हणाली. मी तेही त्याच ओळीत लिहिलंय. आठवड्यातून दोनदा मी गारेगार मागत होते.

तुमच्या घरी मजुरी दुसरी असेल. मागावरच्या साडीची मजुरी असेल, भांगलणीचा रोज असेल, मास्तरांचा पगार असेल. रोजगारी बाईला आणि गड्याला वेगवेगळा रोज होता का, तेही विचारा. उत्तर बहुतेक 'होता' असंच येईल, दोन्ही आकडे लिहा.

आठवणीला कागदाचा आधार मिळाला तर सोडू नका. सगळ्यांत उपयोगी पडली लग्नातली आहेराची वही. ट्रंकेत तळाला होती, कडा उंदरानं खाल्लेल्या. कुणी एक रुपया, कुणी सव्वा, कुणी पेला, कुणी नुसतं नारळ-टॉवेल. लग्नाची तारीख वर असतेच, त्यामुळं साल पक्कं. दुकानाची उधारीची जुनी वही मिळाली तर भाग्यच. तिच्यात रुपयाचे पाव उभ्या रेघांनी लिहिलेले असतात, एक रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्या रेघांना एक आकडा समजू नका. मी तीन रेघा एकशे अकरा वाचल्या होत्या आणि दोन दिवस गोंधळले. पोस्टकार्डावर किंमत छापलेली असते आणि शिक्क्यावर तारीख; माझ्या मावशीची १५ पैशांची कार्डं मी वहीतच चिकटवलीत. पोस्टकार्ड आज ५० पैशांना मिळतं, आईला ते सांगितलं तर तिनं दोनदा विचारून खात्री केली. जुन्या क्रमिक पुस्तकाच्या मागच्या बाजूला, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पण किंमत सापडते.

बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं बसवा. सासऱ्यांना चहा, सिनेमाचं खालच्या वर्गाचं तिकीट आणि सायकलचं तासाचं भाडं तोंडपाठ. गोडंतेल काय भाव होतं ते त्यांना सांगता येत नाही, ते सासूबाईंना विचारायला हवं होतं आणि त्या गेल्या. आईला तेल, काडेपेटी, सुई, दोरा, रॉकेल, बांगड्या. शेजारी चार माणसं जमली की भाव उतरायला लागतो, प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा स्वस्त सांगतो. अशा वेळी वही मिटून चहा करायला उठावं.

शब्द बदलू नका. सासरे 'सुट्टे' म्हणत नाहीत, 'मोड' म्हणतात. आई मधेच 'दुड्डू' म्हणते, म्हणजे पैसे. कानडी शब्द आला तर तसाच देवनागरीत लिहा, पुढं अर्थ. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायचं तर सांगून लावा. आधी पाच मिनिटं अवघडल्यासारखं होतं, मग विसरतात. आमच्या सासऱ्यांनी मात्र अजून सोडलेलं नाही, मी पेन उघडलं की "काय लिवूलायस गं?" असं विचारतातच, आणि मी वाचून दाखवते. वाचून दाखवलं की दुरुस्त्या निघतात. दुरुस्ती खोडून करू नका, खाली दुसऱ्या शाईनं तारखेसकट लिहा. त्याच गोष्टीचे दोन भाव दोन वेळा आले तर दोन्ही राहू देत.

वहीचं उजवं पान लिहायला, डावं कोरं ठेवा. आठवणी बैठकीत येत नाहीत, नंतर येतात. परवा रात्री पावणेदहाला आईचा फोन. मला धस्स झालं. ती म्हणाली, "अगं, पाळण्याचं चुकलं. दोघी न्हाई बसल्या, तिघी. थोरली उतरली आन् तिनं मला बसवलं. लिव्हून घे." मी अंथरुणातून उठून जत्रेचं पान काढलं आणि डाव्या बाजूला लिहिलं.