येणाऱ्या गेमची वही कशी ठेवावी

२०२६ च्या माझ्या वहीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेली तारीख १९ नोव्हेंबर आहे, आणि ती पेन्सिलीने लिहिली आहे. त्या दिवशी 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' हा व्हिडिओ गेम येणार असं तो बनवणाऱ्या रॉकस्टारने जाहीर केलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा २०२५ हे वर्ष सांगितलं होतं. मग २६ मे २०२६ ठरली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही पुढे ढकलली. मला या गेमची ओढ तेव्हा होती तेवढीच आज आहे, कारण त्या पानावर तारखेच्या वर आणखी एक ओळ आहे: 'रेडिओ लावून लिओनिडाच्या किनाऱ्याने सावकाश गाडी चालवणार.' (लिओनिडा हे त्या गेममधलं काल्पनिक राज्य.)

वही ठेवायची पहिली पायरी ही ओळ. प्रत्येक गेमला एक पान द्यायचं आणि वर एकच वाक्य लिहायचं: या गेममध्ये मी काय करणार? वाक्यात क्रियापद हवंच. 'ग्राफिक्स जबरदस्त', 'जग अफाट मोठं', 'याची सगळे वाट बघताहेत' ही वाक्यं चालणार नाहीत, कारण त्यांत खेळणारा कुठेच नाही. ज्या गेमसाठी असं वाक्य सुचत नाही तो वाईटच असेल असं नाही. फक्त आपण त्याची वाट का बघतोय हे अजून आपल्याला कळलेलं नाही, एवढं नक्की. ते पान रिकामं ठेवायचं आणि पुढचा व्हिडिओ आला की पुन्हा प्रयत्न करायचा.

'प्रॅग्माटा'चं माझं वाक्य असं आहे: 'नेम धरलेला असतानाच शत्रूवर उघडलेल्या चौकटींतून वाट काढत त्याचं कवच हॅक करणार.' गोळीबार आणि कोडं एकाच वेळी, दोन्ही अंगठ्यांना वेगवेगळं काम. कॅपकॉमने हा गेम २०२० मध्ये दाखवला तेव्हा चंद्र, अंतराळवीर आणि एक लहान मुलगी एवढंच दिसलं होतं. तेव्हा मला काहीच लिहिता आलं नव्हतं. खेळण्याची पद्धत दिसली आणि वाक्य आपोआप आलं. '००७ फर्स्ट लाइट'च्या पानावर आहे: 'बंदूक न काढता, थापा मारत, जिथे माझं काही काम नाही तिथे शिरणार.' माझा दादा याच वहीत लिहितो. त्याच्या 'फोर्झा होरायझन ६' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमच्या पानावर फक्त 'जपानच्या घाटात ड्रिफ्ट' एवढंच आहे. पुरेसं आहे. मला ती ओळ वाचूनच त्याचा चेहरा दिसतो.

वाक्याच्या खाली बनवणाऱ्याचं नाव लिहा. ट्रेलरच्या सुरुवातीला मोठ्ठं झळकतं ते बहुतेक वेळा प्रकाशकाचं, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचं नाव असतं; आपल्याला हवा तो स्टुडिओ. त्या स्टुडिओने याआधी काय केलं, आणि तेच लोक अजून तिथे आहेत का, हे बघा. 'फर्स्ट लाइट'बद्दल मी एवढी निर्धास्त आहे त्याचं कारण जेम्स बाँड नाही, तर आयओ इंटरॅक्टिव्ह आहे. २०१६, २०१८ आणि २०२१ च्या तीन 'हिटमॅन' गेममध्ये त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून बसवली: माणसांनी भरलेलं ठिकाण, प्रत्येकाचा आपापला दिनक्रम, आणि त्यातून आपली वाट शोधणारा खेळाडू. गुप्तहेराच्या गेमला याहून चांगली तालीम कोणती? तसंच 'वुल्व्हरिन' बनवणाऱ्या इन्सोम्नियॅकने 'स्पायडर-मॅन'च्या तीन गेममध्ये हालचालीची जी लय पकडली, ती हाताला आठवते. पण हा नियम फार ताणू नये. 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' हा सँडफॉलचा पहिलाच गेम होता, आणि २०२५ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम तोच ठरला. स्टुडिओ नवा असेल तर त्यातली माणसं आधी कुठे होती ते शोधायचं आणि शोधून काही मिळालं नाही तर डेमोची वाट बघायची.

आता ट्रेलर. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण आपली उत्सुकता इथेच घडते आणि इथेच भरकटते.

ट्रेलर दोनदा बघा. पहिल्यांदा मन लावून, आवाज मोठा करून, मध्ये न थांबता. ही मजा स्वतःकडून हिरावून घेऊ नका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, बोट पॉजवर ठेवून. संगीत गेलं की काय उरतं ते बघायचं. कॅमेरा खेळाडूच्या मागे किंवा डोळ्यांच्या जागी आहे, की सिनेमासारखा फिरतोय? पडद्यावर नकाशा, जीव दाखवणारी पट्टी, हत्याराचं चिन्ह असं काही दिसतं का? एखादा शॉट सलग किती वेळ चालतो? दर दोन सेकंदांना कट असेल तर लढाई कशी वाटते हे त्यातून कळूच शकत नाही. आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं जरूर वाचा. ही प्रत्यक्ष खेळातली दृश्यं नाहीत, असं तिथे लिहिलेलं असलं तर तो ट्रेलर वातावरणापुरता घ्यायचा. इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, चित्रित केलंय असं लिहिलेलं असलं तरी ते कोणी कंट्रोलर हातात घेऊन खेळत होतं असा अर्थ निघत नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'च्या मे २०२५ च्या दुसऱ्या ट्रेलरबद्दल रॉकस्टारने स्पष्ट सांगितलं की तो प्लेस्टेशन ५ वर घेतला आहे आणि त्यात निम्मा खेळ, निम्मी कथादृश्यं आहेत. इतकं उघडपणे सांगितलेलं असलं की मी वहीत हिरवी खूण करते.

लांबलचक गेमप्ले व्हिडिओ जास्त भरवशाचा, पण शब्द दिल्यासारखा तोही धरू नका. 'सायबरपंक २०७७'चा ४८ मिनिटांचा व्हिडिओ २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. काम चालू आहे, बदल होतील, असं त्यात सांगितलेलंच होतं. त्यातलं भिंतीवर चढणं-धावणं पूर्ण झालेल्या गेममध्ये आलं नाही. म्हणून वहीत दोन रकाने करा: 'दाखवलं' आणि 'नुसतं सांगितलं'. मुलाखतीत निर्माता जे बोलतो ते सगळं दुसऱ्या रकान्यात. गेम जवळ येत जातो तसं दुसऱ्यातलं पहिल्यात सरकायला हवं. नाही सरकलं, तर ते गेममध्ये नसेल असं धरूनच चाला.

तारखा मी तीन प्रकारांत लिहिते. नुसतं वर्ष असेल तर ती इच्छा. ऋतू किंवा तिमाही असेल तर बेत. दिवस, महिना, वर्ष तिन्ही असतील तर ठराव, पण तोही पेन्सिलीने. मास्टर प्रत तयार झाली, म्हणजे गेम 'गोल्ड' झाला, ही बातमी आली की बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. 'सायबरपंक' ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला गोल्ड झाला आणि त्याच महिन्याच्या शेवटी १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरला ढकलला गेला. उलट 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये घोषणा, मग वर्षानुवर्षं जवळजवळ शांतता, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अचानक तारीख सांगितली ती अवघ्या दोन आठवड्यांनंतरची: ४ सप्टेंबर. 'मेट्रॉइड प्राइम ४' २०१७ मध्ये जाहीर झाला, २०१९ मध्ये निन्टेन्डोने काम मुळापासून पुन्हा सुरू करतोय असं सांगितलं, आणि तो डिसेंबर २०२५ मध्ये आला. गेम लांबला याचा अर्थ तो बिघडला असा नाही, आणि लांबला म्हणून तो चांगलाच होईल असंही नाही. लांबण्याचं कारण काय सांगितलंय आणि पुढच्या वेळी नवीन काय दाखवलं, एवढंच टिपून ठेवायचं.

मोठ्या घोषणा कधी येतात ते माहीत असलं की रोज बातम्या चाळाव्या लागत नाहीत. जूनमध्ये समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये कोलोनचं गेम्सकॉम, सप्टेंबरमध्ये टोकियो गेम शो, डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्स. मधूनमधून निन्टेन्डो डायरेक्ट आणि सोनीचं स्टेट ऑफ प्ले. या कार्यक्रमांनंतर वही उघडली तरी भागतं.

डेमो मिळत असेल तर वाकडी वाट करून खेळा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात नेक्स्ट फेस्ट भरतो तेव्हा येणाऱ्या शेकडो गेमचे डेमो फुकट असतात, आणि ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे गेम तिथेच भेटतात. डेमो खेळताना माझी रीत अशी: पहिली दहा मिनिटं शिकवण्यात जातात, ती मोजायची नाहीत. त्यानंतर जे एक काम गेम सतत करायला लावणार आहे, म्हणजे उडी, वार, पत्ते, शेती, जे असेल ते, मुद्दाम पुन्हा पुन्हा करायचं. दुसऱ्या दिवशी ते करायला हात शिवशिवले तर पान पक्कं. गोष्ट, चित्रं, संगीत यांचा अंदाज ट्रेलरवरून येतो, पण हाताला काय वाटेल ते डेमोशिवाय कळत नाही. आवडलेला छोटा गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या हव्या असलेल्या गेमच्या यादीत, टाकायला विसरू नका. तुम्हाला सूचना मिळते, आणि विशलिस्टचा आकडा वाढला की तो गेम दुकानात इतरांच्या नजरेस पडतो. दोन-तीन माणसांच्या स्टुडिओला याचा खरोखर आधार होतो.

अर्ली ॲक्सेसमधले, म्हणजे अपुरे असतानाच विकायला आलेले गेम वहीत वेगळ्या रंगात लिहा. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा त्यात फक्त पहिला अंक होता. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. गोष्टीसाठी खेळणाऱ्याने अशा वेळी थांबावं, कारण पहिल्यांदा ऐकण्याची संधी एकदाच मिळते. पण 'हेडीस २'सारखा, पुन्हा पुन्हा नव्याने सुरुवात करायला लावणारा गेम अर्धवट असतानाही खेळावा. 'हेडीस २' २०२५ मध्ये पूर्ण होईपर्यंत त्यात अपडेटमधून नवं काही येत राहिलं आणि खेळ बदलत गेला.

आगाऊ खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे: डिजिटल प्रत संपत नाही, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. एम्बार्गो, म्हणजे परीक्षणं छापण्यावरची बंदी, उठून ती येईपर्यंत थांबा आणि परीक्षणं कोणत्या मशीनवर खेळून लिहिलीत ते आधी बघा. 'सायबरपंक'च्या वेळी प्रकाशनाआधीची परीक्षणं पीसी आवृत्तीवरची होती. खरा त्रास जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर झाला, इतका की सोनीने तो गेम काही महिने दुकानातून काढून ठेवला होता. तरीही आधी घ्यायचाच असेल तर परताव्याचे नियम वाचून घ्या. स्टीमवर आगाऊ घेतलेला गेम प्रकाशनाआधी केव्हाही परत करता येतो, आणि प्रकाशनानंतर १४ दिवसांच्या आत, खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर. जादा रक्कम भरून काही दिवस आधी खेळायला मिळतं, तो वेळही या दोन तासांत मोजला जातो.

मशीनचा रकानाही ठेवा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस साठी जाहीर झाला आहे. फक्त पीसीवर खेळणाऱ्यांनी रॉकस्टारचा इतिहास लक्षात ठेवावा: पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला एक वर्ष लागलं. पीसीच्या गेममध्ये 'किमान' मशीनचा तक्ता वाचताना तो कोणत्या रिझोल्यूशनला आणि किती फ्रेमला आहे ते बघा. ते लिहिलंच नसेल तर 'शिफारस' हा रकाना आपला समजा.

फुटलेलं काही बघू नका. २०२२ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'चे अर्धवट बांधणीतले व्हिडिओ चोरीला जाऊन पसरले. रंग न लावलेल्या भिंती, चाचणीची अक्षरं, हे बघून कोणाचंच भलं होत नाही. बनवणाऱ्यांच्या वर्षांच्या मेहनतीचा तो अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं. प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात सोशल मीडियावर पात्रांची नावं आणि गेमचं नाव म्यूट करून टाका, आणि व्हिडिओंच्या लघुचित्रांपासूनही लांब राहा, कारण शेवट बहुतेक वेळा तिथेच फुटतो.

शेवटचे दोन दिवस साफसफाईचे. स्टोरेजमध्ये गेमच्या आकारापेक्षा बरीच जास्त जागा मोकळी करा, कारण पहिल्या दिवसाचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, हमखास येतो. प्रीलोड, म्हणजे प्रकाशनाआधीच डाउनलोड करण्याची सोय, मिळत असेल तर आदल्या रात्रीच करून ठेवा. गेम उघडल्यावर 'नवीन खेळ' दाबण्याआधी सेटिंग्जमध्ये जा: सबटायटलचा आकार वाढवा, मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) नको असेल तर बंद करा, कन्सोलवर परफॉर्मन्स मोड (चित्रापेक्षा वेगाला महत्त्व देणारा) असेल तर आधी तोच निवडा, कॅमेऱ्याचा वेग थोडा कमी ठेवा आणि अर्ध्या तासाने हवा तसा वाढवा. पहिल्या संध्याकाळी मी मोहिमा घेत नाही. चालते, उड्या मारते, दारं उघडतात का ते बघते. दादा मात्र थेट पहिल्या शर्यतीला जातो आणि निकाल मला मोठ्याने ओरडून सांगतो.