श्वासातलं अ‍ॅसिटोन मोजायचंय? सेन्सरचं नंतर बघू, आधी पिशवी नीट भरा

श्वासावरून आजार ओळखणारा प्रोजेक्ट करायचाय म्हणणारी बॅच दरवर्षी येते आणि पहिला प्रश्न ठरलेला, सर सेन्सर कुठला घेऊ. अरे सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगानं मिळतात, प्रोजेक्टची माती होते ती श्वास गोळा करताना, म्हणून सेन्सरपासून पिशवीत श्वास भरण्यापर्यंत सगळंच सांगतो.

एकच गॅस पकडा. दम्यासाठी नायट्रिक ऑक्साइड बघतात पण तिथे सगळा खेळ 25 ते 50 पीपीबीचा (अब्ज भागांत इतके भाग), कॉलेजच्या लॅबला झेपत नाही. किडनीवाला अमोनिया नळीलाच चिकटून बसतो. त्यापेक्षा अ‍ॅसिटोन बरं. शरीराला साखर वापरता आली नाही की चरबी जळते, लिव्हरमध्ये कीटोन तयार होतात आणि त्यातलं अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडतं. निरोगी माणसात साधारण 0.3 ते 0.9 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि डायबिटीसमध्ये 1.8 च्या वर, असे आकडे पेपरांमध्ये सापडतील. पण हे कीटोनचं माप आहे, रक्तातल्या साखरेचं नाही, ग्लुकोमीटर फेकून देऊ नका. कडक उपास केला तरी अ‍ॅसिटोन वाढतं. कडक म्हणजे निर्जळी वगैरे, साबुदाण्याची खिचडी चापून केलेल्या उपासाला काही होत नाही, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च.

आता सेन्सर. टिन ऑक्साइड किंवा टंगस्टन ऑक्साइड 300-400 डिग्रीला तापवला की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर बसतो, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो आणि रेझिस्टन्स चढतो. अ‍ॅसिटोन आलं की ते त्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होतं, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रेझिस्टन्स पडतो. कण जितका बारीक तितका त्याचा जास्त भाग या भानगडीत सापडतो, टिन ऑक्साइडमध्ये 6 नॅनोमीटरच्या आसपास गेलं की सेन्सिटिव्हिटी एकदम उडी मारते, नॅनो नॅनो करतात ते यासाठी. झुरिकच्या ईटीएचमध्ये सिलिकॉन मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडवर काम झालंय, त्याचा एप्सिलॉन फेज, म्हणजे स्फटिकरचनेचा एक प्रकार, अ‍ॅसिटोनला खास दाद देतो, 20 पीपीबीपर्यंत. आपल्याकडे मफल फर्नेस, म्हणजे लॅबमधली भट्टी, असेल तर सोडियम टंगस्टेटमध्ये हायड्रोक्लोरिक घालून पिवळा साका काढा, धुवा, 500 डिग्रीला भाजा आणि इथेनॉलमध्ये खलून इलेक्ट्रोडवाल्या अ‍ॅल्युमिना तुकड्यावर थेंबानं लावा. एप्सिलॉन मिळणार नाही पण सेन्सर चालतो. एमक्यू-138 हा तयार सेन्सर घेतलात तर हात बसवण्यापुरता, 1 पीपीएमच्या खाली त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आणि हीटरला वेगळा 5 व्होल्टचा अ‍ॅडाप्टर द्या. पहिल्यांदा किमान 24 तास, जमलं तर 48 तास तापत ठेवा, तोपर्यंतचे आकडे लिहूसुद्धा नका.

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस देऊन सेन्सरचे आकडे जुळवणं, सगळे टाळतात. मोजून भरलेल्या गॅसचा सिलिंडर महाग म्हणून हा जुगाड: 1 लिटरच्या काचेच्या बाटलीत मायक्रोपिपेटनं 1 मायक्रोलिटर अ‍ॅसिटोन टाका, झाकण घट्ट, दहा मिनिटं थांबा, झालं साधारण 330 पीपीएम. त्यातली 60 मिली हवा सिरिंजनं ओढून 20 लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये सोडली की जवळपास 1 पीपीएम, 30 मिली सोडली की अर्धा. आत कॉम्प्युटरचा छोटा फॅन ठेवा, नाहीतर वास एका कोपऱ्यात आणि सेन्सर दुसऱ्या. प्लॅस्टिक थोडं अ‍ॅसिटोन खातं म्हणून रीडिंग लगेच घ्या. हवेतला रेझिस्टन्स भागिले गॅसमधला रेझिस्टन्स, हा रेशो लॉग-लॉग ग्राफवर जवळपास सरळ रेषेत येतो.

पण कोरड्या हवेत केलेलं कॅलिब्रेशन श्वासाला लावलंत की मेलात, कारण श्वास जवळपास 100 टक्के ओला असतो आणि वाफसुद्धा रेझिस्टन्स पाडते. सिलिका जेल लावू का असं विचारतात, नको, ती अ‍ॅसिटोनपण गिळते. त्यापेक्षा जारच ओला करा, आधी पाण्याचे पाच-सहा थेंब टाकून पूर्ण उडू द्या आणि मगच अ‍ॅसिटोन सोडा, कारण तळाशी पाणी राहिलं तर अ‍ॅसिटोन त्यात विरघळतं. जारमध्ये एक ह्युमिडिटी सेन्सर टाकून ठेवाच.

आता पिशवी. टेडलरची, म्हणजे गॅसचे नमुने ठेवायच्या खास प्लॅस्टिकची घ्या, स्वच्छ हवेनं तीनदा भरून रिकामी करा, नवी असेल तर तिचा स्वतःचा वास असतो. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा. श्वासाचे पहिले 150 मिली म्हणजे घशात, श्वासनळीत अडकलेली, नुकतीच बाहेरून घेतलेली हवा, तिच्यात फुप्फुसातलं काही नसतं, म्हणून अर्धा श्वास बाहेर सोडायला सांगा आणि उरलेला पिशवीत. गार पिशवीत आतून दव धरतं आणि अ‍ॅसिटोन त्यात जातं, त्यामुळे पिशवी 40 डिग्रीच्या आसपास कोमट ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. खोलीतली हवापण एका पिशवीत भरून मोजा आणि वजा करा.

आमच्या ग्रुपला एकदा एकाचं रीडिंग भयंकर जास्त आलं, आम्ही त्याला जवळजवळ डॉक्टरकडे पाठवलाच होता, तर पठ्ठ्यानं पिशवी धरण्याआधी हाताला सॅनिटायझर चोळलेला. हे ऑक्साइड सेन्सर अल्कोहोलवर नुसते तुटून पडतात. माउथवॉश, नेलपॉलिश रिमूव्हर, लॅबमधलं स्पिरिट, सगळं आधी बाहेर काढा.

मित्रांवर प्रयोग करताना प्रत्येकाला नवा माउथपीस आणि बॅक्टेरिया फिल्टर, टीबीचा विचार करा जरा. पेशंटचा श्वास घ्यायचा असेल तर आधी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढा, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज सेन्सर तापत असतानाच टाकून द्या.