प्रकाशाची लाट समजून घेताना या चुका टाळा

तळ्यात खडा टाकला की वलयं पसरतात, प्रकाशही तसाच पसरतो. बहुतेकांची सुरुवात इथून होते आणि ती चांगलीच आहे. घोळ होतो तो ही उपमा कुठे सोडून द्यायची हे न कळल्यामुळे.

सगळ्यात हट्टी चूक वहीतल्या नागमोडी रेषेची. ती पाहून वाटतं, प्रकाश सापासारखा वळवळत पुढे जातो. तसं काही नसतं. वर-खाली होतं ते त्या त्या ठिकाणच्या विद्युत क्षेत्राचं (विद्युतभाराला ढकलणाऱ्या प्रभावाचं) मूल्य, आणि त्याच्या काटकोनात चुंबकीय क्षेत्राचं. रेषेची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची नसते. दिवसभराच्या तापमानाचा आलेख दुपारी वर चढतो, म्हणून तापमापक काही उडी मारत नाही!

दुसरी चूक: लाटेला पाणी लागतं, तर प्रकाशालाही काहीतरी लागत असणार. ही चूक क्षम्य आहे, कारण एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञही ‘ईथर’, म्हणजे सगळीकडे भरलेलं, प्रकाशाला वाहून नेणारं अदृश्य माध्यम, धरून बसले होते. 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ले या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पृथ्वीचा त्या ईथरमधला वेग मोजायला घेतला, तर हाती काहीच लागलं नाही. प्रकाशाला असं माध्यम लागतच नाही.

‘आवाज दाराआडून ऐकू येतो, मग प्रकाश का वळत नाही?’ वळतो की. फक्त मापं बघा: वाट तरंगलांबीएवढी (लाटेच्या दोन शिखरांमधल्या अंतराएवढी) असेल तर लाट ठळकपणे वळते. 340 हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे 1 मीटर, म्हणजे जवळपास दाराएवढी. हिरव्या प्रकाशाची सुमारे 0.0005 मिलिमीटर. त्याच्या दृष्टीने दार म्हणजे अफाट मैदान.

दोन लाटा भेटल्या की कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मिटवतात; प्रकाशात याचे काळे-उजळ पट्टे दिसतात. पण दोन टॉर्च भिंतीवर रोखून ते शोधू नका. दोन खड्यांची वलयं एका तालात असतील तरच नक्षी जागेवर टिकते. दोन दिव्यांचा ताल क्षणोक्षणी बिघडत असतो. एकाच प्रकाशाचे दोन भाग करावे लागतात. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1803 मध्ये उन्हाच्या बारीक झोतात मिलिमीटरहून अरुंद कागदी पट्टी आडवी धरली. तिच्या सावलीतही पट्टे दिसले. एका बाजूचा प्रकाश अडवताच ते गेले. (काळ्या पट्ट्यातली ऊर्जा नाहीशी होत नाही, शेजारच्या उजळ पट्ट्यात जाते.)

घरी पट्टीऐवजी केस चालतो. लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर एक केस ताणून चिकटवा. दोन मीटरवरच्या भिंतीवर साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतराने ठिपक्यांची ओळ उमटते. नुसताच एक ठिपका दिसला, तर केस झोताच्या मधोमध नाही. ओळ फिकट असेल तर खोली आणखी अंधारी करा. ठिपके एकमेकांत मिसळत असतील तर भिंतीपासून लांब जा. केस उभा असला तर ओळ आडवी दिसेल, हे बरोबरच आहे. झोतात मात्र डोळा घालू नका, आरशावरून परतलेल्या झोतातही नाही.