बडोद्यात सहा फुटी रीफ टाकी: मासे सगळ्यात शेवटी

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. मोठी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी करायचीय म्हणणारे बहुतेक जण हेच माप घेऊन येतात आणि पहिलं विचारतात, क्लाउनफिश कुठे मिळेल? मी विचारते, टाकी कुठल्या मजल्यावर ठेवणार?

हिशेब करा. काठाच्या थोडी खाली भरली तरी ६०० लिटर पाणी, आणि खारं पाणी लिटरला किलोपेक्षा जरा जडच. त्यावर १२ मिमी काचेचे सव्वाशे किलो, शिवाय दगड, वाळू, स्टँड, खालचा सम्प (पंप-फिल्टर ठेवायची छोटी टाकी). टन कधीच ओलांडला, आणि तो उभा बारा चौरस फुटांवर. राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापरभार धरतात. इथे त्याच्या पाचपट येतो. वरच्या मजल्यावर ठेवायचीच तर बीमवर, भिंतीलगत, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर तर विचारायचीसुद्धा गरज नाही, उत्तर नाही असंच आहे.

मग तळमजला बरा, तर आपल्याकडे विश्वामित्री नदी आहे. २०२४ च्या ऑगस्टात ज्यांच्या बैठकीत पाणी शिरलं त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही कारेलीबागेत राहतो, म्हणून स्टँडच उंच करून घेतला, सम्प जमिनीपासून फूटभर उचलला आणि सगळे प्लग खांद्याच्या उंचीवर. स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंग हवंच, मीठ त्याला सोडत नाही. आणि प्लंबरने पाइपाच्या जोडणीत सवयीने एखादा पितळी व्हॉल्व्ह बसवला तर काढायला लावा. पितळेत तांबं असतं, आणि पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही प्रवाळ आणि शंख-गोगलगायींना मारतं.

पाण्याबद्दल नातेवाइकांचा एक सल्ला ठरलेला: "अगं, समुद्र जवळ तर आहे, कॅन भरून आण की." कावी-कंबोईला जाऊन बघा. भरतीला स्तंभेश्वराचं मंदिर पाण्याखाली जातं, आणि ते पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. मही, नर्मदेचा गाळ खंभातच्या आखातात भरती-ओहोटीने सतत ढवळला जातो. रीफसाठी ते पाणी विसरा आणि तयार सी सॉल्ट घ्या. लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे पहिल्या भरण्याला २२-२३ किलो. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. पंप लावून दिवसभर फिरवायचं आणि मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ बघायचं.

विरघळवायचं पाणी मात्र घरच्या आरओचं चालत नाही. पिण्याला ४०-५० टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) छान, टाकीला शून्य लागतं. आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडा. मेमध्ये पंखा लावलेल्या एवढ्या टाकीतून रोज आठ-दहा लिटर उडून जातं, आणि भर घालायची ती गोड्या पाण्याची. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. हे दहावीच्या मुलांना कळतं, पण मोठी माणसं खारं पाणी ओतत राहतात आणि महिन्याभरात खारटपणा ४० वर नेऊन ठेवतात.

आता माझा आवडता भाग. दगड-वाळू घालून टाकी चालू केली की तिच्यात माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे असतात. मेलेली कोळंबी टाकून कुजवायची गरज नाही, घर वास मारतं. नवसागर वापरा, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय असेल सांगता येत नाही. लॅबचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध आणा. ६०० लिटरला जवळपास पावणेचार ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. सोनाराचा छोटा डिजिटल काटा इथे कामाला येतो. मग रोज टेस्ट किट: अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो आणि नायट्रेट उरतो. २ पीपीएम घातलेला अमोनिया आणि त्यातून झालेला नायट्राइट, दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. घरचे विचारतील, रिकाम्या टाकीला रोज काय बघतेस? बघू द्या.

क्षारता घसरली तर खायचा सोडा पुरतो, एवढ्या पाण्यात १८ ग्रॅमला साधारण १ डीकेएच (क्षारतेचं माप) वाढतं. शुद्ध सोडा हं. खमणात घालतो ते फ्रूट सॉल्ट नव्हे, त्यात सायट्रिक आम्ल असतं.

पाणी २५-२६ अंशांवर हवं. ३० च्या वर गेलं की प्रवाळ पांढरे पडू लागतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सम्पवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. खरी अडचण जुलैत येते. हवा दमट, पंख्याचा उपयोग जवळपास संपलेला, आणि माणसं मात्र पाऊस आला म्हणून निर्धास्त. म्हणून चिलर घ्याच, आणि तो कपाटात कोंडू नका. बाहेर फेकलेली गरम हवा तो परत आत ओढतो.

वीज गेली की आधी प्राणवायू कमी होतो. दिवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थांबले तरी चालेल, पाणी हलतं राहिलं पाहिजे. ३० वॉटचा डीसी वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा पंप, १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर दिवसभर सहज चालतो. मासे आणण्याआधी स्वतः मेन बंद करून सम्पकडे बघा, वरचं पाणी उतरून तो काठाबाहेर तर जात नाही ना? रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. आणि विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालायचा नाही.

प्रवाळ घेताना कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे, समुद्रकाकड्या आहेत. "लाइव्ह रॉक" म्हणून मोडलेला प्रवाळ विकणाऱ्याकडून काही घेऊ नका, आणि जामनगरकडचा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा किनारा बघायला जा, उचलायला नाही. सिरॅमिकचे दगड घ्या. मऊ प्रवाळांत मशरूम, लेदर, झोअँथिड यांवर टाकी सुंदर भरते, फक्त टाकीत वाढवलेले आणि बिलासकट घ्या. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं: हातमोजे, चष्मा घाला, आणि तो दगड कधीही उकळू नका, वाफेनेही माणसं आजारी पडतात.

यानंतर मासे. आधी क्लाउनफिशची जोडी, तीही टाकीत पैदास झालेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) हे तंत्र आपल्याकडे बसवलंय. वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवून मगच आत सोडा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरला तर तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही.

गावाला जाताना खाणं रोजच्या पुड्यांत बांधून ठेवा आणि उरलेला डबा कुलपात. आमच्याकडे बघायला येणाऱ्या मंजुळाबेनसाठी गोड्या पाण्याच्या कॅनवर गुजरातीत "मीठुं पाणी", म्हणजे गोडं पाणी, असं लिहिलेलं आहे, आणि खाऱ्याच्या कॅनला लाल फडकं बांधलेलं आहे.