जुन्या डिशवर डीडी फ्री डिश

महिन्याचा रिचार्ज बंद केला की गच्चीवरची डिश नुसती गंजत पडते. ती फेकू नका. तीच फिरवून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत सेवा, लागते, दरमहा काहीच भरावं लागत नाही, सह्याद्रीही दिसते. नवा घ्यायचा तो फक्त फ्री-टू-एअर (मोफत चॅनल दाखवणारा) सेट टॉप बॉक्स, आणि तो एमपीईजी-४चाच (चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा) मागा. जुन्या एमपीईजी-२वर काही चॅनल दिसत नाहीत.

१. बॉक्सच्या मेन्यूत एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग) ९७५०–१०६०० निवडा.
२. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. सोलापुरातून तो आग्नेयेला आहे. मोबाइलच्या होकायंत्रात साधारण १३४ अंश. डिशसमोर झाड किंवा पाण्याची टाकी नको.
३. खरी युक्ती इथे आहे. खालच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून टीव्हीवरची 'क्वालिटी'ची पट्टी दाखवायला सांगा. 'स्ट्रेंथ' बघू नका, ती उपग्रह न सापडताही भरलेली दिसते. डिश बोटभर सरकवा, पाच सेकंद थांबा, मग पुढे. घाई केली की सिग्नल हातचा निसटतो.
४. पट्टी चढली की नट आवळून चॅनल सर्च करा.

वायर काढता-लावताना बॉक्सचं बटण बंद ठेवा, शॉर्ट झाल्यास बॉक्स जळू शकतो.