शिडाच्या बोटीचं इंजिन ऑईल कसं बदलावं

छोट्या शिडाच्या बोटीत इंजिन तळाशी इतकं घट्ट बसवलेलं असतं की ड्रेन प्लगखाली (ऑईल काढायच्या तळाच्या बुचाखाली) वाटीसुद्धा सरकत नाही. ऑईल डिपस्टिकच्या, म्हणजे पातळी बघायच्या पट्टीच्या, नळीतूनच वर ओढावं लागतं.

पावसाळ्यासाठी बोट वर घेण्याआधीच ते बदला. ‘सप्टेंबरात बघू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. जुन्या ऑईलमधलं आम्ल आणि ओलावा चार महिने बेअरिंग खात बसतात. बोट खाडीत असेल तर भरती गाठा. ओहोटीला ती गाळात कलते, ऑईल एका कडेला जातं आणि इंजिन लावलं तर कूलिंगच्या पाण्याबरोबर गाळ आत येतो.

बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा, ऑटोमॅटिक पंप बंद करा, नाहीतर सांडलेलं ऑईल थेट खाडीत जाईल. मग दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद करा. गरम ऑईल पातळ होतं, हाताच्या पंपाने ओढता येतं.

आता पंपाची नळी. ती डिपस्टिकच्या नळीतून आत सोडायची. पहिल्या वर्षी ती जिथे अडली तिथेच मी थांबलो आणि पंपात हवा आली म्हणून ऑईल संपलं असं समजलो. माझ्या एक सिलिंडरच्या यान्मार इंजिनमध्ये १.३ लिटर मावतं; निघालं होतं जेमतेम ८०० मिली. ते न मोजता वर नवं १.३ लिटर ओतलं. इंजिन लावताच निळा धूर! सगळं पुन्हा उपसावं लागलं.

तेव्हापासून डिपस्टिकच्या लांबीची खूण टेपने नळीवर करतो. नळी त्या खुणेच्या पुढे गेलीच पाहिजे, तळाला टेकल्याचं हाताला कळलंच पाहिजे. टोक तिरकस कापा. सपाट टोक तळाला चिकटून बसतं. हवा आली की नळी जरा वर घेऊन फिरवा, पुन्हा खाली सोडा, पुन्हा ओढा. आणि निघालेलं ऑईल खुणांच्या बाटलीत मोजा. पंपातली हवा फसवते, बाटली नाही. ऑईल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. कारण सापडेपर्यंत इंजिन लावू नका.

फिल्टर आडवा असेल तर काढताना खाली प्लास्टिकची पिशवी धरा. जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, ते हाताचं बोट फिरवून पाहा. नव्या रिंगला ऑईल लावा आणि फिल्टर हातानेच आवळा.

मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल भरा, पण शेवटचं पावशेर राखून. पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं घाला. जुनं ऑईल कॅनमध्ये भरून ते पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजात पोचवा.