आई-बाबांचे फोन आणि रोमिंगचं बिल

आई-बाबा ताईकडे जर्मनीला निघाले, तेव्हा नाशिकला घरीच दोघांच्या फोनची सेटिंग्ज लावून दिली. भारतातल्या सिमवर डेटा रोमिंग बंद केलं, पण सिम चालू ठेवलं. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. इंटरनेटसाठी युरोपचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) घरच्या वायफायवर टाकलं. ‘डेटा स्विचिंग’ आठवणीने बंद करा, नाहीतर फोन आपोआप जुन्या सिमचा डेटा वापरू शकतो. युरोपीय संघात २०१७ पासून तिथल्याच सिमचं सदस्य देशांतलं रोमिंग साधारणपणे जादा पैशांशिवाय चालतं, पण स्वित्झर्लंड त्या नियमात नाही. बाबांना आल्प्स बघायचाच होता, म्हणून तो देश यादीत असलेलाच प्लॅन शोधला. विमानात मात्र फ्लाइट मोडच हवा. तिथलं उपग्रहावरचं नेटवर्क फार महाग पडतं. फोन करायला व्हॉट्सअॅप, नंबर जुनाच राहतो.